मध्यस्थ तर घडले, मध्यस्थीची व्यवस्था कोण घडवणार?

भीमाकाठी

नमस्कार मंडळी.

जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करता करता मी मध्यस्थीचे ४० तासांचे प्रशिक्षण घेतले आणि सध्या आमच्या न्यायालयातील मध्यस्थी केंद्राच्या यादीवर माझे नाव आहे. प्रशिक्षण उत्तम होते, याबद्दल दुमत नाही. पक्षकाराचे म्हणणे मधे न बोलता कसे ऐकावे, दोन्ही बाजूंशी स्वतंत्र बैठक कधी घ्यावी, 'मला रस्त्याकडचीच जमीन पाहिजे' या हट्टामागे नेमकी कोणती गरज आहे ते कसे काढून घ्यावे, हे सगळे आमच्याकडून घोटून घेतले गेले.

मात्र आमचे केंद्र नीट चालत नाही आणि ते का चालत नाही, याचे उत्तर त्या ४० तासांत कुठेच नव्हते. प्रकरणे आमच्याकडे येतात ती एकगठ्ठा, आणि त्यांतली बरीचशी साक्षीपुरावा होऊन दोन्ही बाजू पुरत्या ताठरल्यानंतरची. नोटीस पक्षकाराला मिळते ती तारीख उलटून गेल्यावर. केंद्राचा लिपिक हा मुळात दुसऱ्याच विभागाचा माणूस. तो आपले काम संपवून जमेल तेव्हा इकडे येतो. परिणामी शिकलेला मध्यस्थ खोलीत बसून राहतो आणि अहवालावर 'पक्षकार गैरहजर' असे लिहून सही करतो.

न्यायालयाने वाद मध्यस्थीसारख्या मार्गांकडे पाठवावा असे सांगणारे कलम ८९ दिवाणी प्रक्रिया संहितेत आणले गेले १९९९ च्या दुरुस्तीने, आणि ते अमलात आले १ जुलै २००२ पासून. सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी व समेट प्रकल्प समिती २००५ सालची. म्हणजे दोन दशके आपण मध्यस्थ घडवत आलो आहोत. आता २०२३ चा मध्यस्थी कायदाही झाला आहे आणि भारतीय मध्यस्थी परिषदेची तरतूदही त्यात आहे. पण केंद्र उभे करणारा, प्रकरणांची निवड बसवणारा, न्यायाधीश, वकील आणि कार्यालय या तिघांना एका वाटेवर आणणारा माणूस घडवण्याचे प्रशिक्षण कोठे मिळते? ते कोणी द्यावे आणि कोणाला द्यावे? इतर राज्यांतील व देशांतील अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

खडूस_वकील

केंद्र चालवण्यासाठी सर्वप्रथम केंद्राच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते शोधावे लागते, आणि या विषयाचे प्रमाणपत्र अजून तरी कोणतीही संस्था देत नाही.

कावेरीकाठ

भीमाकाठी, तुमचा प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. मी बंगळुरूत वकिली करते, म्हणून इकडचे सांगते.

भारतात न्यायालयाशी जोडलेली मध्यस्थी सुरू झाली तेव्हा प्रत्येक शहराने वेगळी वाट धरली, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. चेन्नईत एप्रिल २००५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात केंद्र सुरू झाले आणि त्यामागे ज्येष्ठ वकील श्रीराम पंचू यांच्यासारखी, हे काम आपले मानणारी, वकील मंडळी होती. दिल्लीत त्याच वर्षी तीस हजारी न्यायालयात सुरुवात झाली ती कार्यरत न्यायाधीशांनाच मध्यस्थ म्हणून प्रशिक्षित करून. वकिलांचा भर असलेले 'समाधान' हे उच्च न्यायालयाचे केंद्र त्यानंतर, २००६ मध्ये आले. बंगळुरूचे केंद्र १ जानेवारी २००७ चे, आणि येथे मध्यस्थ म्हणून सुरुवातीपासून वकीलच बसले. सुरुवातीच्या या प्रशिक्षणांत सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी अँड डेव्हलपमेंट ऑफ लीगल सिस्टिम्स' या संस्थेच्या प्रशिक्षकांचा मोठा वाटा होता.

आता मुद्दा असा, की बाहेरून आलेले प्रशिक्षक तेच होते, अभ्यासक्रमही जवळपास तोच होता. तरी केंद्रे वेगवेगळी घडली, कारण ती घडवणारी माणसे वेगळी होती. आमच्याकडे समन्वयकाचे पद नावापुरते राहिले नाही. कोणते प्रकरण कोणत्या मध्यस्थाला द्यायचे, बैठक पुढे ढकलायची तर किती दिवसांनी, नव्या मध्यस्थाने अनुभवी मध्यस्थाबरोबर किती काळ बसायचे, हे ठरवणारी माणसे रोज केंद्रात असत. त्यांना हे कोणी शिकवले, असे विचाराल तर माझ्या माहितीप्रमाणे कोणीच नाही. ती करता करता शिकली. पण प्रत्येक जिल्ह्यात अशी माणसे आपोआप उगवतील, यावर विसंबून राहणे म्हणजे पावसावर हवाला ठेवून विहीर न खणण्यासारखे आहे.

रोजनामा

मी कनिष्ठ स्तरापासून जिल्हा न्यायाधीशापर्यंत सेवा करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे न्यायासनाची बाजू मांडणे माझ्याकडे आले.

न्यायाधीश प्रकरणे उशिरा आणि चुकीची पाठवतात, ही तक्रार खरी आहे. तिची कारणे मात्र आळसापेक्षा अधिक गुंतागुंतीची आहेत. पहिले कारण कायद्यातच होते. कलम ८९ चा मसुदा इतका ढिसाळ होता, की 'न्यायिक तडजोड' आणि 'मध्यस्थी' यांच्या व्याख्यांची चक्क अदलाबदल झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अ‍ॅफकॉन्स प्रकरणात ती चूक दाखवून अर्थ सरळ लावला, कोणती प्रकरणे मध्यस्थीला योग्य आणि कोणती अयोग्य याची यादी दिली, आणि मध्यस्थीकडे पाठवायला पक्षकारांची संमती लागत नाही हेही स्पष्ट केले. तोवर आठ वर्षे आम्ही चाचपडत होतो.

दुसरे कारण कामाच्या मोजमापाचे. न्यायाधीशाच्या निकाली कामाचे गुण मोजले जातात. फलकावर दीडशे प्रकरणे असताना एका दाव्यात दोन्ही पक्षकारांना समोर बसवून, 'तुमचा वाद नेमका कशाचा आहे' हे विचारायला दहा मिनिटे दिली, तर त्या दहा मिनिटांची नोंद कोठेच होत नाही. म्हणून मग मोहीम जाहीर झाली, की प्रकरणे एकगठ्ठा निघतात. २०२५ मध्ये १ जुलै ते ३० सप्टेंबर अशी ९० दिवसांची 'राष्ट्रासाठी मध्यस्थी' मोहीम झाली. तिच्या हेतूबद्दल मला आदर आहे. परंतु मोहिमेतून सवय लागते की फक्त आकडा तयार होतो, हे मोहीम संपल्यानंतरच्या महिन्यात कळते.

संदर्भ करणाऱ्या, म्हणजे प्रकरण मध्यस्थीकडे पाठवणाऱ्या, न्यायाधीशांसाठी वेगळे प्रशिक्षण असते, ते मीही घेतले आहे, आणि त्याचा मला उपयोग झाला. पण ते मला दिले होते एक न्यायाधीश म्हणून. पुढच्या बदलीत मी गेलो, आणि माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्यासाठी मी काय ठेवून गेलो? काही नाही. व्यवस्था ती, जी माणसाच्या बदलीनंतरही टिकते.

दख्खनी

रोजनामा सर, तुमच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. त्याच वाक्यावरून मला मात्र तंटामुक्त गाव मोहीम आठवली.

१५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. ग्रामसभेने समिती नेमायची, गावातले दिवाणी, महसुली आणि तडजोडपात्र फौजदारी तंटे गावातच मिटवायचे, आणि चांगले काम करणाऱ्या गावाला लोकसंख्येनुसार पुरस्कार, अशी ती रचना होती. मी आमच्या गावच्या समितीत होतो. बांधाचे, वाटेचे, पाणंदीचे कितीतरी तंटे आम्ही खरोखरच मिटवले, आणि आमच्यापैकी एकानेही ४० तासांचे प्रशिक्षण घेतलेले नव्हते. म्हणून 'व्यावसायिक प्रशिक्षण' या शब्दाला सगळे इतके का शरण जातात, ते मला कळत नाही. गावातल्या चार जाणत्यांना जे उपजत कळते, ते शहरातल्या वर्गात बसून शिकावे लागते, एवढाच त्याचा अर्थ नाही का?

पारिजात

दख्खनी, तुमच्या समितीने मिटवलेल्या तंट्यांत नवरा-बायकोचे किती होते, आणि ते मिटवताना त्या बाईला एकटीला, सासरचे कोणी समोर नसताना, कोणी काही विचारले होते का?

हा प्रश्न टोचण्यासाठी विचारलेला नाही. मी कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. 'जाणत्यांनी' मिटवलेली प्रकरणे दोन-तीन वर्षांनी माझ्या टेबलासमोर आलेली मी पाहिली आहेत. तेव्हा बाई म्हणते, 'सगळे बसले होते, मी काय बोलणार?' समेटाच्या कागदावर तिची सही असते आणि तिचे म्हणणे त्यात कोठेच नसते. प्रशिक्षणात जी स्वतंत्र बैठक शिकवतात, ती याचसाठी. पहिल्या भेटीत मारहाण आहे का, धमकी आहे का, पैसे कोणाच्या ताब्यात आहेत, हे ठरावीक प्रश्न विचारून पाहणे आणि उत्तर वाईट आले तर मध्यस्थी थांबवणे, हे उपजत कोणालाही येत नाही. वर्षानुवर्षे काम केलेल्यांनाही ते निसटते.

के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वैवाहिक वादांत दावा दाखल होण्यापूर्वीच मध्यस्थीची सोय केंद्रांनी करावी, असे सांगितले. निर्णय चांगला आहे. पण त्यानंतर केंद्रात येणाऱ्या प्रत्येक जोडप्याची छाननी कोण करणार, तिचे प्रश्न कोण ठरवणार, आणि धोका दिसला तर त्या बाईला त्याच दिवशी कोठे पाठवणार? हे मध्यस्थाचे काम नाही. हे व्यवस्था उभारणाऱ्याचे काम आहे, आणि धाग्याचा मूळ प्रश्न माझ्या मते येथेच लागू पडतो.

दख्खनी

पारिजातताई, प्रश्न रास्त आहे. नवरा-बायकोची प्रकरणे आमच्याकडे मोजकीच आली, आणि बाईला एकटीला कोणी विचारले नाही. बांधाच्या तंट्यांबाबत मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

मोरपीस

कावेरीकाठ यांनी आपल्याच देशातली उदाहरणे दिली आहेत. मी श्रीलंकेचे देतो, कारण नोकरीनिमित्त काही काळ कोलंबोत होतो आणि तेथील मध्यस्थी मंडळांचे काम जवळून पाहता आले. दख्खनी आणि पारिजात यांच्यातल्या वादाचे उत्तरही त्यात काही अंशी सापडेल.

श्रीलंकेत १९५८ च्या कायद्याने गावपातळीवर समेट मंडळे स्थापन झाली होती. ती १९७८ मध्ये बंद करावी लागली, कारण नेमणुकांत राजकारण शिरले आणि लोकांचा विश्वास उडाला. दहा वर्षांनी, १९८८ च्या ७२ क्रमांकाच्या कायद्याने, मध्यस्थी मंडळे आली. कायदा करणाऱ्यांनी आधीचे अपयश नीट वाचले होते, असे त्यातील तरतुदी पाहून वाटते. नेमणुका मंत्र्याच्या हाती ठेवल्या नाहीत. त्यासाठी पाच सदस्यांचा स्वतंत्र आयोग केला आणि त्यात निवृत्त वरिष्ठ न्यायाधीशांना जागा ठेवल्या. मध्यस्थांची नावे सुचवायची ती त्या भागातल्या संस्थांनी. सुचवलेल्या माणसाने आधी प्रशिक्षण घ्यायचे, त्यात त्याची पारख व्हायची, आणि मगच नेमणूक. मध्यस्थ हे शिक्षक, निवृत्त कर्मचारी, व्यापारी असे स्वयंसेवक. बैठका सहसा शनिवार-रविवारी एखाद्या शाळेत किंवा विहारात. ठरावीक रकमेपर्यंतचे वाद आधी मंडळापुढे नेल्याशिवाय, म्हणजेच समेट न झाल्याचा दाखला घेतल्याशिवाय, न्यायालयात दावा दाखल करता येत नाही.

म्हणजे दख्खनींचे जाणते तेथे आहेत आणि पारिजात यांचे प्रशिक्षणही आहे. पण या दोन्हींच्या मागे तिसरी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल आपण क्वचितच बोलतो. न्याय मंत्रालयाने मध्यस्थी प्रशिक्षकांची कायम नोकरीतली एक तुकडी बाळगली आहे. बाहेरच्या तज्ज्ञांनी सुरुवातीला या प्रशिक्षकांना शिकवले आणि पुढचे काम त्यांनी सिंहली व तमिळ या आपल्या भाषांत, आपल्या उदाहरणांनी केले. परदेशी तज्ज्ञ विमानाने निघून गेल्यावर जे मागे उरते, ते या तुकडीमुळे उरते.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. स्त्रियांचे प्रमाण कमी असणे, मध्यस्थांचे वाढते वय, कौटुंबिक हिंसेची प्रकरणे समेटावर मिटवण्याचा कल, या तक्रारी तेथेही होतातच.

खडूस_वकील

आमच्याकडे शनिवारी शाळेत बैठक ठेवली, तर आधी शाळेच्या किल्लीचा प्रश्न येईल.

रोजनामा

खडूस_वकील यांची किल्ली काही केल्या सुटत नाही. पण गमतीचा भाग सोडला तर ते म्हणतात ते खरे आहे. जागा, किल्ली, टपालखर्च, नोंदवही यांची जबाबदारी कोणाकडे आहे हे लेखी ठरल्याशिवाय कोणतेही केंद्र सहा महिन्यांपलीकडे जात नाही.

मोरपीस यांनी सांगितलेल्या सामुदायिक मध्यस्थीला आपल्या २०२३ च्या कायद्यातही जागा आहे. कलम ४३ व ४४ पाहावीत. परिसरातील शांतता व सलोखा बिघडवू शकतील अशा वादांत दोन्ही पक्षांच्या पूर्वसंमतीने विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा जिल्हा अथवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची आणि तीन मध्यस्थांची समिती नेमण्याची तरतूद त्यांत आहे. मात्र तेथे झालेला समेट दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही. एरवी मध्यस्थीतून झालेला करार हुकूमनाम्याप्रमाणे बजावता यावा, अशी तरतूद त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे. हा फरक का ठेवला असावा, हे पारिजात यांचा प्रतिसाद वाचल्यावर ध्यानात येते.

टेमासेक

सिंगापूरमधून लिहीत आहे. येथे मध्यस्थी केंद्र १९९७ मध्ये सुरू झाले आणि शेजाऱ्यांच्या वादांसाठीची सामुदायिक मध्यस्थी केंद्रे त्याच्याच पाठोपाठ आली. देश लहान, सरकारचे पाठबळ भक्कम, त्यामुळे येथील पद्धत जशीच्या तशी कोठेही नेता येणार नाही, हे आधीच मान्य करतो. मध्यस्थीतून झालेल्या आंतरराष्ट्रीय करारांबाबतच्या सिंगापूर करारावर ७ ऑगस्ट २०१९ रोजी पहिल्याच दिवशी सह्या करणाऱ्या ४६ देशांत भारत होता. अनुसमर्थन मात्र अजून व्हायचे आहे.

भीमाकाठी यांच्या मूळ प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा एक उपक्रम सांगतो. अमेरिकेत निवृत्त न्यायाधीश डॅनियल वाइनस्टीन यांच्या पुढाकाराने आणि 'जॅम्स' या खासगी वादनिवारण संस्थेच्या प्रतिष्ठानाच्या पाठबळाने २००८ पासून एक पाठ्यवृत्ती चालते. निरनिराळ्या देशांतले वकील, न्यायाधीश, प्राध्यापक, सामाजिक कार्यकर्ते तिच्यासाठी निवडले जातात. भारतातूनही निवडले गेले आहेत. ते तेथे जाऊन मध्यस्थी पाहतात, शिकतात, आणि परतल्यावर आपल्या देशात मध्यस्थीचा प्रसार व बांधणी करतील अशी अपेक्षा असते. म्हणजे शिकणाऱ्याकडून 'तू चांगला मध्यस्थ हो' यापेक्षा 'तू परत जाऊन काय उभे करणार आहेस' याचे उत्तर मागितले जाते. मला त्यातला हा भाग महत्त्वाचा वाटतो.

खडूस_वकील

टेमासेक यांनी सांगितलेला उपक्रम चांगलाच असणार. पण त्यावर माझा एक आक्षेप आहे आणि या वेळी तो गंभीरपणे घ्यावा. परदेशातून शिकून आलेला माणूस परतल्यावर बहुधा महानगरात बसतो आणि कंपन्यांचे वाद सोडवतो, कारण तेथे मध्यस्थाला फी मिळते. जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात मिळते ते विधी सेवा प्राधिकरणाचे मानधन, आणि तेही मिळेल तेव्हा. माणूस व्यवस्था बांधायला जातो आणि अखेर स्वतःची प्रॅक्टिस बांधतो. यात त्याला दोष देता येत नाही. त्यालाही घर आहे.

वकिलांचेही सांगतो. वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे तातडीचा दिलासा मागितलेला नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न करावाच लागतो, आणि ही अट सक्तीची आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात ठणकावून सांगितले. त्याचा व्यवहारात काय परिणाम झाला, ते बहुतेक वकिलांना ठाऊक आहे. अर्ज करायचा, समोरचा येत नाही, मध्यस्थी सुरूच झाली नाही असा 'नॉन-स्टार्टर' अहवाल मिळतो, तो दाव्याला जोडायचा. अशिलाच्या लेखी मध्यस्थी म्हणजे दाव्याला जोडायचा आणखी एक कागद. सक्तीने फाइल केंद्रात येते, माणूस येतोच असे नाही. समोरच्याच्या वकिलाला 'पाठवा हो तुमच्या अशिलाला, निदान एकदा बसू' असे फोनवर कोणी सांगायचे, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.

कावेरीकाठ

फीचा मुद्दा खरा आहे, परंतु निष्कर्ष मला पटत नाही. खासगी मध्यस्थीत चार पैसे मिळू लागले, म्हणूनच तरुण वकील या कामाकडे वळू लागले आहेत, आणि त्यांतलेच काही न्यायालयाच्या केंद्रातही वेळ देतात. केवळ सेवाभावावर व्यवस्था उभी केली, तर ती निवृत्तांचीच राहते. जो समन्वयक पूर्णवेळ काम करतो त्याला पूर्णवेळ पगार हवा, ही मागणी लाजत लाजत करायची नसते.

भीमाकाठी

चर्चा वाचून समाधान वाटले. खडूस_वकील यांच्या 'आणखी एक कागद' या शब्दांवरून माझ्याकडचे एक प्रकरण सांगतो, कारण कागदाचे महत्त्व मला तेथे कळले.

दोन भाऊ, एक विहीर, दावा वाटपाचा. बऱ्याच बैठकांनंतर पाण्याची पाळी एक दिवसाआड, असे ठरले. मी करार लिहायला घेतला तेव्हा धाकट्या भावाची बायको, जी तोवर गप्प होती, ती म्हणाली, 'वकीलसाहेब, लाइट कधी असते ते लिहा की.' शेतीला थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. एक दिवसाआड पाळी लावली, तरी आठवडा रात्रीचा असेल तेव्हा दोघांनाही रात्रीच पाणी द्यावे लागणार. आणि थोरला म्हातारा, त्याचा मुलगा पुण्यात, म्हणजे रात्रीची पाळी त्याच्याने होणार नव्हती. शेवटी दिवसाच्या विजेच्या आठवड्यात थोरल्याला जास्त पाळ्या, रात्रीच्या आठवड्यात धाकट्याला जास्त, मोटार जळाली तर खर्च निम्मा-निम्मा आणि दुरुस्ती होईपर्यंत गेलेली पाळी पुढे भरून द्यायची, असे दीड पान लिहिले गेले. निकालाने हे कधीच झाले नसते. न्यायालय हिस्से ठरवते, विजेचे वेळापत्रक पाहत नाही.

ही बाई तेथे बसली कशी, तर नोटिशीत 'कुटुंबातील जाणत्या सदस्यांसह यावे' एवढे एक वाक्य आमच्या लिपिकाने स्वतःच्या मनाने घातले होते म्हणून. दावा दोन भावांचा होता, ती पक्षकार नव्हती. मी तिला बोलावलेच नसते. व्यवस्था म्हणजे मला अशा वाक्याचा नमुना वाटतो. ते वाक्य एका लिपिकाला सुचले. जिल्ह्याच्या प्रत्येक नोटिशीत ते कायमचे कोण घालणार?

दख्खनी

वहिनींना नमस्कार सांगा. आमच्या समितीत त्या असत्या, तर निम्मे तंटे लवकर मिटले असते. पारिजातताईंना हे वाचून बरे वाटेल.

पारिजात

बरे वाटले. तिला पक्षकार म्हणून बोलावले गेले असते, तर अधिक बरे वाटले असते.

नवखी

मी विधी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाला आहे. धागा वाचून एक शंका विचारते. मी आधी मध्यस्थीचे ४० तासांचे प्रशिक्षण घ्यावे की थेट अशा व्यवस्था-बांधणीच्या कामाकडे वळावे? आमच्या अभ्यासक्रमात पर्यायी वादनिवारण हा विषय आहे, पण त्यात आम्ही कलमे पाठ करतो. मध्यस्थी होताना एकदाही पाहिलेली नाही.

मोरपीस

नवखी, आधी मध्यस्थी शिका आणि शक्य तितक्या बैठका कोपऱ्यात बसून पाहा. त्यासाठी दोन्ही पक्षांची परवानगी आणि गोपनीयतेची हमी लागते, ती केंद्राकडून रीतसर घ्या. ज्याने बंद खोलीत दोन माणसांना ओरडताना आणि मग थकून गप्प होताना पाहिलेले नाही, त्याने आखलेली व्यवस्था कागदावरच सुंदर दिसते.

व्यवस्था घडवणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम करायचा झाला, तर माझ्या मते वर्गातली व्याख्याने थोडी आणि एका चालू केंद्रातले काम जास्त असावे. पहिल्या आठवड्यात एकच उद्योग द्यावा: एका दाव्याची फाइल न्यायालयातून निघाल्यापासून समेटाचा करार होऊन परत जाईपर्यंत कोणकोणाच्या टेबलावरून जाते, प्रत्येक टेबलावर किती दिवस पडते आणि का, याचा माग काढायचा. न्यायाधीश, वकील, अधीक्षक, बेलिफ, पक्षकार या प्रत्येकाला भेटायचे. त्यानंतर पैशाचा हिशेब, माणसे निवडण्याची पद्धत, मध्यस्थांच्या कामाची देखरेख, तक्रार आल्यास काय करायचे, आणि पारिजात यांनी सांगितलेली छाननी. आणि हे शिकायला एका जिल्ह्यातून एकटा माणूस कधीच बोलावू नये. न्यायाधीश, वकील आणि कार्यालयातला एक कर्मचारी असे तिघे मिळून यावेत, म्हणजे परत गेल्यावर एकाने दुसऱ्याला पटवत बसावे लागत नाही.

रोजनामा

तिघांना एकत्र बोलावण्याची सूचना मला फार आवडली. अधीक्षकाला किंवा लिपिकाला कोणत्याही प्रशिक्षणाला बोलावलेले मी माझ्या सेवेत पाहिलेले नाही, आणि केंद्र प्रत्यक्षात त्याच्याच हातात असते. उत्तनच्या न्यायिक अकादमीसारख्या ठिकाणी निवासाची सोय असते, तेथे असे संयुक्त वर्ग घेणे मुळीच अवघड नाही. फक्त न्यायाधीश, वकील आणि लिपिक एका टेबलावर जेवायला बसतील, याची सवय आधी करावी लागेल.

खडूस_वकील

आणि बिल कोणी द्यायचे यावर त्यांच्यात पहिली मध्यस्थी होईल. असो. भीमाकाठी, तुमच्या केंद्राचे पुढे काय करणार आहात?

भीमाकाठी

प्रधान जिल्हा न्यायाधीशांना भेटण्याची वेळ मागितली आहे. मोठी योजना मांडणार नाही. तीनच गोष्टी मागणार आहे: मोरपीस यांनी सुचवल्याप्रमाणे काही फाइलींचा माग काढायची परवानगी, केंद्रासाठी ठरावीक वारी ठरावीक वेळ देणारा एक लिपिक, आणि संदर्भाच्या आदेशाचा व नोटिशीचा एक समान नमुना. रोजनामा सर, संदर्भाच्या आदेशात काय असावे, हे तुमच्या अनुभवावरून लिहाल का?

रोजनामा

लिहितो. आदेश छापील नमुन्यात असला तरी वाद कशाचा आहे हे न्यायाधीशाने स्वतःच्या हाताने दोन ओळींत लिहिले पाहिजे. तेवढ्यासाठी त्याला दावा वाचावा लागतो आणि अयोग्य प्रकरणे तेथेच गळतात. पहिल्या बैठकीची तारीख व वेळ आदेशातच द्यावी आणि ती पक्षकार न्यायालयात हजर असतानाच त्यांना तोंडी सांगून त्यांची सही घ्यावी, म्हणजे टपालाच्या नोटिशीवर सगळे अवलंबून राहत नाही. दोन्ही पक्षकारांचे मोबाइल क्रमांक लिहावेत, वकिलांचे नव्हे. अहवाल परत येण्याची तारीख घालावी. २०२३ च्या कायद्यात १२० दिवस आणि संमतीने आणखी ६० दिवस अशी मुदत आहे, पण साध्या वाटपाच्या दाव्यात पहिली तारीख त्याहून बरीच अलीकडची ठेवावी. आणि तुमच्या लिपिकाचे ते वाक्य नोटिशीत घालाच. फक्त 'जाणत्या सदस्यांसह' याऐवजी 'ज्यांच्या रोजच्या कामावर या वादाचा परिणाम होतो अशा सदस्यांसह' असे लिहा. नाहीतर जाणते म्हणून पुन्हा चुलतेच येऊन बसतील.